थिजलेलं दहिवर

भोरच्या एसटी स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. बावीस वर्षं झाली. पासपोर्टपासून लग्नापर्यंत सगळे फोटो मी काढते आणि चांगले काढते. यात उगाच विनय दाखवायचं कारण नाही. लग्नात नवरीची आई नेमकी कधी रडणार हे मला तिच्या आधी कळतं, आणि त्या वेळी मी योग्य जागी उभी असते. सुरुवातीला लोक म्हणायचे, बाई काय फोटो काढणार. आता तेच लोक लग्नाची तारीख धरायच्या आधी मला फोन करतात. आमचे हे, सम्राट, एसटीत कंडक्टर आहेत. ते म्हणतात, तुझा कॅमेरा एक वेळ चुकेल, पण सुलक्षणाबाई चुकल्या असं तू मरेपर्यंत म्हणणार नाहीस. आजवर म्हटलं नव्हतं हे खरं. दहिवराच्या, म्हणजे दवाच्या, फोटोत मात्र मी चुकले, आणि ते आधीच सांगून टाकते.

माझं माहेर वेल्ह्याच्या पलीकडची एक लहानशी वाडी. रस्त्याच्या वरच्या अंगाला आमची बौद्धवस्ती, खालच्या अंगाला मराठ्यांची घरं, आणि त्याच्याही खाली ओढ्याला लागून भाताची खाचरं. त्यातलं सगळ्यांत खोलगट खाचर धोंडाबाईंच्या घरचं. त्याला सगळे डबरंच म्हणतात. सगळीकडची थंडी रात्री उतरत उतरत तिथं येऊन बसते. माझी आई रतन आणि धोंडाबाई आयुष्यभर लावणीला एका ओळीत वाकल्या. आई गेली त्याला सहा वर्षं झाली, पण धोंडाबाईंना मी अजून मावशीच म्हणते.

मावशींची गोष्ट मला आईनं सांगितलेली. त्या घरात एक रीत आहे. पेरणीची पहिली मूठ घरातल्या बाईनं टाकायची, आणि तिच्या ओटीत बी घालायचं घरातल्या थोरल्या पुरुषानं. मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. भात निघाल्यावर डबऱ्यात पावटा पेरायचा होता, आणि नव्या सुनेचा मान म्हणून सासऱ्यांनी त्यांच्या ओटीत बी घातलं. पावटा असा आला की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. पौषात, ऐन फुलावर असताना, एका रात्रीत सगळे वेल काळे पडले. उकळतं पाणी ओतल्यावर पाला होतो तसे.

त्या दिवशी पहाटे मावशी परसाकडं गेल्या होत्या आणि त्यांनी डबरं पांढरं बघितलं होतं. घरी येऊन त्यांनी सांगितलं की दहिवर थिजलंय, मीठ सांडल्यासारखं सगळीकडं पसरलंय. सासरे उठून, मुंडासं बांधून, काठी शोधून खाली जाईपर्यंत ऊन आलं. पांढरं काही राहिलं नव्हतं, नुसता काळा पाला होता. डबऱ्याच्या कडेला एक खोप होती. तिच्यात राखणीला त्यांचा धाकटा दीर गेनबा झोपायचा, तेव्हा वीस वर्षांचा. रानडुकरांसाठी रात्रभर शेकोटी पेटती ठेवायची एवढंच त्याचं काम. त्याला विचारलं. तो म्हणाला, मी रात्रभर जागाच होतो, पांढरंबिंढरं काही पडलं नाही, वहिनीला स्वप्न पडलं असेल. जाणती माणसंही म्हणाली की आपल्याकडं थंडी पडते पण दहिवर कधी थिजत नाही. मग ठरलं की सुनेच्या हाताला गुण नाही.

याला बावन्न वर्षं झाली. तेव्हापासून मावशींनी त्या घरात लावणी केली, बेणणी केली, कापणी केली, मळणी केली. पेरणीच्या दिवशी मात्र त्यांना घरी चुलीपुढं बसवायचे. आधी जावेनं मूठ टाकली, मग सुनेनं. सासू-सासरे गेले, नवरा गेला, जाऊ गेली, पण रीत तशीच राहिली. थोरला पुरुष म्हणून बी घालायचा मान गेनबांकडं आला आणि त्यांनीही तो वहिनीला वगळून नेमानं चालवला.

आमच्या घरात असल्या हातगुणाला थारा नाही. आई म्हणायची, पीक थंडीनं जळतं, हातानं नाही, आणि हे कळायला शाळा लागत नाही. पण आईचं मावशींच्या ओट्यावर कोण ऐकणार? तेव्हा आम्हाला त्या ओट्यावर चढायचीच बंदी होती. आता मी तिथं खुर्चीवर बसून चहा पिते. मावशींच्या नातीच्या लग्नाचे फोटो मीच काढले.

त्या लग्नाचा अल्बम द्यायला मी डिसेंबरात गेले होते. सगळ्यांनी फोटो बघून झाले आणि मावशी मला मागच्या दारी घेऊन गेल्या. गेनबांच्या मुलानं किकवीला घर बांधलं होतं आणि संक्रांत झाली की तो बापाला कायमचा घेऊन जाणार होता. मावशींनी ते दुसऱ्याच कुणाची बातमी द्यावी तसं सांगितलं आणि मग म्हणाल्या, "त्यो गेला की म्या सांगायचं कुणाला? त्या दिशीचं म्हाईत असलेलं त्येच एक माणूस ऱ्हायलंय."

मी म्हटलं, मावशी, काळजी सोडा. यंदा थंडी पडू दे. दहिवर थिजलं की त्याचा फोटो काढते आणि त्यांच्या नाकापुढं धरते. फोटोला तरी खोटं म्हणता येणार नाही त्यांना. असं मी अगदी ठासून सांगितलं. मावशी माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, बघ बाई.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात थंडीची लाट आली. पेपरात महाबळेश्वरच्या हिमकणांचे फोटो झळकले. आमच्या शेजारचा झेरॉक्सवाला मला म्हणाला, ताई, बर्फ काढायचा तर तिकडं जावा, वेल्ह्यात काय गोठणार, फार तर खोबरेल तेल. आकाश निरभ्र होतं, वारा पडला होता. संध्याकाळच्या एसटीनं मी माहेरी गेले, कॅमेऱ्याची पिशवी रात्रभर अंगणातच टांगून ठेवली. लोक काय करतात, कॅमेरा चुलीपाशी उबेला ठेवतात आणि पहाटे बाहेर आणतात. मग काचेवर वाफ धरते आणि बसतात पुसत. बॅटऱ्या मात्र मी पोलक्यात ठेवून झोपले, कारण थंडीत त्या अर्ध्या वेळात संपतात.

सहाला उठून खाली गेले. डबरं पांढरं होतं.

मी फोटोवाली बाई, पांढरं माझ्या रोजच्या बघण्यातलं. पण तिथं मी कॅमेरा पिशवीतून काढायचं विसरले. यंदा डबरं भुईमुगासाठी मोकळं ठेवलेलं, भाताची धसकटं आणि बोटभर गवत तेवढं होतं. त्या प्रत्येक पात्यावर, प्रत्येक धसकटाच्या टोकावर साखरेसारखा थर चढला होता. वरच्या खाचरात नुसता ओलावा आणि डबऱ्यात मात्र कडेपासून कडेपर्यंत पांढरं, जणू कुणी रेघ मारून दिली होती. मावशी सतरा वर्षांच्या असताना इथंच उभ्या राहिल्या असतील आणि त्यांना केवढा आनंद झाला असेल, आधी आनंदच झाला असणार, असं माझ्या मनात आलं आणि मला त्या सगळ्या घराचा भयंकर राग आला.

हिवाळ्यात तिकडं ऊन राजगडाच्या अंगानं चढतं आणि डबऱ्यात पोचायला साडेसात होतात. मला तास-दीड तास मिळाला. पांढरं दिसलं की कॅमेरा घाबरतो आणि त्याला करडं करून ठेवतो, म्हणून उजेड एक टप्पा वाढवून ठेवला. बांधावरून काढले, रस्त्यावरून लांबची लेन्स लावून काढले. एका गोष्टीची मात्र मी डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली, ती म्हणजे पांढऱ्यावर कुणाचा पाय पडू दिला नाही. हनुमंत, म्हणजे मावशींचा मुलगा, गुरं घेऊन आला तर त्याला मी वरच्या वाटेनं पिटाळलं. स्वच्छ, अखंड, एक डाग नाही असा फोटो मला हवा होता आणि तसाच मिळाला. भोरला येऊन मी तो मोठा छापला. इतका देखणा की स्टुडिओत आलेलं गिऱ्हाईक पासपोर्ट विसरून तोच बघायचं.

दोन दिवसांनी तो घेऊन मी मावशींच्या ओट्यावर गेले. गेनबा होते, हनुमंत होता, त्याची बायको होती, दुधाची वाट बघत बसलेले आणखी चार जण होते. मी मुद्दाम सगळ्यांदेखत फोटो गेनबांच्या हातात दिला. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नजर चांगली आहे. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "ही तर आंबंची फडकी हायेत."

ओट्यावर हशा पिकला. आंब म्हणजे हरभऱ्याच्या पाल्यावर रात्री सुटणारा आंबट ओलावा. थंडीत लोक हरभऱ्यावर पांढरी फडकी, जुनी धोतरं पसरून ठेवतात, सकाळी ती पिळून आंब बाटलीत भरतात आणि वर्षभर पोटदुखीला वापरतात. आमच्या भागात पौष-माघात शेतात पांढरा सपाट तुकडा दिसला तर शेंबडं पोरही सांगेल की फडकं पसरलंय. आणि मी काढलेला फोटो खरोखर तसाच दिसत होता. मी पायाचा ठसा पडू दिला नव्हता, गुराचा खूर पडू दिला नव्हता. सपाट, पांढरं, कडा कापल्यासारख्या. महाबळेश्वरच्या पाहुण्याला तो हिमकण वाटला असता. वेल्ह्यातल्या माणसाला ते धुतलेलं धोतर वाटलं.

मी जवळून काढलेले फोटो पुढं केले. एक म्हणाला मीठ, एक म्हणाला युरिया, हनुमंत म्हणाला आजकाल मोबाईलवर काय बी बनवत्यात. गेनबा हसत नव्हते. त्यांनी फोटो उलटा करून मांडीवर ठेवला आणि तंबाखू मळायला घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तोंडाशी आलेलं सगळं गिळून मी पायऱ्या उतरले. बावीस वर्षांत मी अशी तोंडघशी पडले नव्हते, आणि तेही माझ्या सगळ्यांत चांगल्या फोटोमुळं.

मावशी माझ्यामागून रस्त्यापर्यंत आल्या. मला वाटलं त्या हिरमुसल्या असतील, मी त्यांची समजूत काढायची तयारी करत होते. त्या म्हणाल्या, "परत कवा येतीस?" आणि मी म्हटलं थंडी आली की. तर म्हणाल्या, भोगीच्या आधी येणार थंडी, माझे गुडघे सांगतायत, त्या वेळी मलाबी हाळी मार.

गुडघ्यांचं खरं निघालं. भोगीच्या आदल्या दिवशी पहाटे मी पुन्हा डबऱ्याच्या बांधावर होते, आणि या वेळी दहिवर पहिल्यापेक्षाही दाट थिजलं होतं. तिकाटणं रोवलं, कॅमेरा चढवला. या खेपेला काय वेगळं करायचं हे मी ठरवून आले होते. कडेला कुदळ ठेवायची, बैलाचं जोखड ठेवायचं, म्हणजे मापाचा अंदाज येईल आणि फडकं वाटणार नाही. मी कुदळ कुठं ठेवावी याचा विचार करत असतानाच मावशी आल्या. डोक्यावरून घोंगडी, पायात चपला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. डबऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं मार्गासनी गावाकडून येणारी पायवाट उतरते, तिथं त्या गेल्या. चपला काढल्या, लुगडं थोडं वर खोचलं आणि अनवाणी डबऱ्यात उतरल्या.

मी ओरडले. मावशी, पाय देऊ नका, थांबा, सगळं नासेल. त्या थांबल्या नाहीत. एकोणसत्तर वर्षांची बाई, बोचऱ्या दहिवरावर अनवाणी, एकेक पाऊल पूर्ण टेकवत तिरक्या चालत गेल्या, जिथं पूर्वी खोप होती आणि आता पंपाचं खोपटं आहे तिथपर्यंत. मला वाटलं आंबेची फडकी काढायला निघाल्यात. पण त्यांचा हरभरा वरच्या खाचरात आहे, खोपट्याकडं हरभऱ्याचं रोपसुद्धा नाही. तिथं पोचल्यावर त्या मागं वळल्या नाहीत, बांधावर चढल्या आणि बांधाबांधानं लांबचा वळसा घालून माझ्याकडं परत आल्या. तोपर्यंत मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. म्हातारपणी अक्कल गहाण ठेवलीत का, इथपर्यंत माझी मजल गेली.

त्या शांतपणे चपला घालत म्हणाल्या, "आता काढ."

मी कॅमेऱ्यात बघितलं. पांढऱ्याशुभ्र डबऱ्यात कोपऱ्यापासून खोपट्यापर्यंत काळपट हिरवी पावलं उमटली होती. जिथं पाय पडला तिथलं दहिवर वितळून गवत उघडं पडलं होतं. टाच कळत होती, पाचही बोटं कळत होती. आता त्याला कुणाचा बापही फडकं म्हणू शकला नसता. फडक्यावर असं पाऊल उमटत नाही, मिठातही उमटत नाही. जे मला आठ दिवस डोकं खाजवून सुचलं नव्हतं ते या बाईनं पंचवीस पावलांत करून दाखवलं होतं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती ऐकल्यासारखं केलं नाही, थंडीनं लाल झालेले पाय पदरानं पुसत बसल्या. मी ऊन येईपर्यंत त्या पावलांचे फोटो काढले. ऊन आलं तशी आधी पावलांच्या कडा गेल्या, मग पांढरं गेलं, आणि पावणेआठला तिथं नुसतं ओलं गवत होतं.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी मी फोटो घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी किंक्रांत, त्या दिवशी कुणी घर सोडत नाही, त्यामुळं गेनबा त्याच्या नंतरच्या सकाळी निघणार होते. ओट्यावर त्यांची ट्रंक आणि गादीची वळकटी बांधून ठेवली होती. घरातली सगळी माणसं होती. तिळगूळ दिला-घेतला. मी येताना मनात भाषण तयार केलं होतं, उजेड कसा, वेळ कोणती, फोटोत खाडाखोड नाही हे कसं ओळखायचं. मी तोंड उघडलं तेवढ्यात मावशींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी फोटो माझ्याकडून घेतला आणि स्वतः दिराच्या मांडीवर ठेवला. मग त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

गेनबांनी या वेळी फोटो लांब धरला नाही. ते वाकून बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी बोट वरच्या कोपऱ्यावर ठेवलं, जिथून पावलं सुरू होत होती, आणि एकेका पावलावरून ते सरकवत खोपट्यापर्यंत नेलं. मग पुन्हा कोपऱ्यावर आणलं आणि पुन्हा नेलं. हनुमंत काहीतरी बोलायला गेला तर त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं.

"ही कुणाची?" गेनबांनी विचारलं.

"माझी. परवाची," मावशी म्हणाल्या.

गेनबांनी बोट उचललं नाही. ते फोटोलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "माझीबी अशीच उमटली व्हती."

हनुमंतानं विचारलं, कवा? तेव्हा त्यांनी सांगितलं. तुकड्यातुकड्यांनी, मधेच थांबत. त्या रात्री मार्गासनीला तमाशा आला होता. जेवण करून राखणीला म्हणून ते खोपीकडं गेले, शेकोटी पेटवली, दोन ओंडके टाकले आणि तसेच मार्गासनीची वाट धरली. पहाटे परत आले तर शेकोटीची राख झाली होती आणि डबरं पांढरं पडलं होतं. काय आहे हे त्यांना कळलं नाही. कोपऱ्यातून उतरले, खोपीपर्यंत चालत आले, मागं वळून बघितलं तर आपली पावलं काळीकुट्ट उमटलेली. ते घाबरले. बाप आला आणि त्यानं ही पावलं बघितली तर आपण रात्रभर नव्हतो हे कळेल म्हणून ते खोपीत घोंगडी ओढून पडून राहिले. मग ऊन आलं, पावलं गेली, आणि त्यांना हायसं वाटलं. वेल काळे पडलेत हे तासाभरानं दिसलं. रातभर शेकोटी धुमसत राहिली असती तर धुरानं निदान अर्धा पावटा वाचला असता, हे त्यांना पुढं कळलं, पण तोवर आपण जागेच होतो असं ते सांगून बसले होते.

एवढं बोलून त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. वहिनीकडं बघायचं धाडस केलं म्हणा.

मावशी म्हणाल्या, "ठावं हाय. म्या बघितली व्हती ती पावलं. खोपीकडं गेलेली व्हती. खोपीतनं भाईर आलेलं एकबी न्हवतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. परवा त्या कोपऱ्यातूनच का उतरल्या, खोपट्यापाशीच का गेल्या, त्याच वाटेनं परत का आल्या नाहीत. त्यांनी माझा फोटो सुधारला नव्हता, बावन्न वर्षांपूर्वीची सकाळ जशी बघितली तशी पुन्हा मांडून दिली होती. आणि मी बांधावर उभी राहून त्यांची अक्कल काढत होते.

गेनबांनी फोटो खाली ठेवला. ते म्हणाले, "मंग येवढी वर्सं बोलली का न्हाईस, वैनी?"

"म्या बोलले व्हते, भावजी," मावशी म्हणाल्या. "त्याच दिशी बोलले व्हते. तुमी न्हाई म्हनला."

आवाज चढला नव्हता. त्यात रडणं नव्हतं, टोमणाही नव्हता. पीठ संपलंय असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. रडले मी, आणि मला त्याची लाज वाटली नाही. मला आई आठवत होती. तिला हे ऐकायला मिळायला हवं होतं, त्याच ओट्यावर.

पुढं मावशींनीच सांगितलं, गेनबांना नाही, आम्हाला. सतरा वर्षांची होते, घरात येऊन आठ महिने झालेले. पावलांचं नाव काढलं असतं तर सासऱ्यांनी पोराचे पाय मोडले असते. आणि दाखवायला पावलं कुठं राहिली होती, दहिवराबरोबर तीही गेली. वाटलं, पोरगं लहान आहे, चार दिवसांनी आपणहून सांगेल. मग वाटलं लग्न झाल्यावर सांगेल, बाप मेल्यावर सांगेल. ते म्हणता म्हणता म्हातारा झाला.

गेनबा उठले. काठी न घेता ओट्याच्या पायऱ्या उतरले, रस्त्यावर गेले आणि पारावर पत्ते खेळत बसलेल्या माणसांना त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आम्हाला ओट्यावरून शब्द कळत नव्हते, पण एकेकानं पत्ते खाली ठेवलेले दिसत होते. परत आल्यावर ते मुलाला म्हणाले, ट्रंक सोड, भुईमूग पेरल्याबिगर म्या येत न्हाई.

पेरणीला मला बोलावणं आलं तेव्हा माघ लागला होता, थंडी कमी झाली होती. हनुमंतानं पॉवर टिलरनं डबऱ्यात बी सोडायला तास, म्हणजे चर, पाडून ठेवले होते. मावशी नवं हिरवं लुगडं नेसल्या होत्या आणि घरी चुलीपुढं त्यांची सून होती, कारण स्वयंपाक कुणीतरी करायलाच हवा होता. गेनबांनी सुपातलं बी ओंजळीनं उचललं आणि वहिनीच्या ओटीत घातलं. थोडं बी खाली सांडलं. ते त्यांनी बसून एकेक करून वेचलं आणि पुन्हा ओटीत टाकलं. मी फोटो काढत होते, आणि या वेळी कुणाला कुठं उभं राहा, कुठं पाय देऊ नका, असं एका शब्दानं सांगितलं नाही.

मावशींनी मूठ भरली. ती त्यांनी थोडा वेळ तशीच मिटून धरली, आणि मग तासात सोडायला सुरुवात केली, वीत-वीत अंतरानं, आयुष्यभर हेच करत आल्यासारखं. रीत अशी की पहिली मूठ टाकली की बाकीचं बी दुसऱ्यांकडं द्यायचं. आलेल्या बाया पदर खोचून तयार उभ्या होत्या. मावशींनी ओटी रिकामी केली, सुपाकडं आल्या, गेनबांपुढं पुन्हा पदर धरला. त्यांनी पुन्हा बी घातलं. मग तिसऱ्यांदा, मग चौथ्यांदा. बाया एकमेकींकडं बघून बांधावर बसल्या. घरून जेवण आलं, ते तसंच झाकून ठेवलं. अख्खं डबरं पेरून व्हायला दुपारचे अडीच वाजले, आणि तोवर त्यांना आता पुरे म्हणायची कुणाची छाती झाली नाही.